सोड!

“सोड!” कपाट ओरडली. समोरच्या मुलीने चेंडू सोडला, कपाटने झेप घेतली आणि तो पोटाशी आवळला. एकदम झकास. तरी कडेला उभ्या असलेल्या प्रशिक्षकाने शिट्टी फुंकली. कशासाठी, ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. मुली त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“पुन्हा,” तो म्हणाला.

कपाट म्हणजे संघाची गोलरक्षक. रुंद खांद्यांची, गालात हसणारी पोरगी. एकदा दार लावून घेतलं की आत काही जाऊ द्यायची नाही, म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं नाव. आणि ‘सोड’ हा शब्द त्या गावाच्या भाषेतला नव्हताच. तो प्रशिक्षकाने समुद्रापलीकडून, आपल्या घरून आणलेला. नवा आला तेव्हा तो रंगात आला की आपल्याच भाषेत ओरडायचा. ‘सोड म्हणजे काय?’ असं कपाटने विचारलं, तेव्हा तिच्या भाषेतला शब्द काही केल्या आठवेना. मग तो तिच्या पाठीशी जाऊन उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, “म्हणजे... मी आहे मागे.”

झालं! तेव्हापासून ‘सोड’चा अर्थ तोच ठरला. घरमालकिणीची लेक आईच्या हातातली भरलेली बादली घेताना ‘सोड’ म्हणू लागली. म्हातारे एकमेकांच्या हातातलं ओझं घेताना ‘सोड’ म्हणू लागले. त्याला हसू यायचं. पण इतका छान रुळलेला शब्द दुरुस्त कोण करत बसणार?

आज मात्र त्याला कशाचंच हसू येत नव्हतं. खिशातला फोन जड झाला होता. सकाळी ताईने कळवलं होतं, बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. “तू धावत येऊ नकोस. मी बघते,” ती म्हणाली होती. ताई नेहमी हेच म्हणायची. बाबांशी कडाक्याचं भांडून तो घराबाहेर पडला तेव्हाही हेच म्हणाली होती. आणि त्याने तिला बघू दिलं होतं. आता ती दवाखाना आणि घरचं दुकान यांच्यात एकटी पळत होती. आवाज बसला होता तिचा.

जायलाच हवं होतं. पण रविवारी सामना होता, मुलींचा पहिलावहिला. याआधीच्या दोन्ही प्रशिक्षकांनी सामन्याच्या तोंडावर गाशा गुंडाळला होता. “तुम्हीही गेलात,” मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं होतं, “तर आईबाप पोरींना मैदानावर पाठवायचे नाहीत. मी कुणाच्या तोंडाला लागू?”

त्या संध्याकाळी त्याचा पाय घरात ठरेना. ताटावरून उठला. बॅग भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. घरमालकिणीला त्याने बाबांचं तेवढं सांगितलं होतं; ती दारात येऊन नुसती बघून गेली. मुलींना सांगायचं म्हणून तो दोनदा चपला घालून निघाला आणि कोपऱ्यावरून परत आला. त्या डोळ्यांना काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी मुली शाळेत असताना तो बस थांब्यावर जाऊन उभा राहिला. न सांगता. चोरासारखा. आपण बाबांकडे निघालोय की मुलींपासून पळतोय, हेही त्याला कळेनासं झालं होतं. बॅग खांद्यावर घेतली, खाली ठेवली. हात गळ्याशी गेला तर शिट्टी तिथेच! मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर ठेवायची राहून गेली होती. त्याने ती मुठीत घट्ट धरली.

बस वळणावर दिसली, आणि तिच्या आधी मुली येऊन पोचल्या. गणवेशातच, धापा टाकत. घरमालकिणीने तोंड उघडलं होतं तर.

“तुमचे बाबा आजारी आहेत?” कपाटने विचारलं.

“हो.”

“मग काल का नाही सांगितलंत?”

“रविवारचा सामना...” तो अडखळला. “तुमच्या घरचे म्हणतील, हाही पळाला. तुम्हाला खेळू देणार नाहीत. मी थांबायला हवं. मी जातोय, पण मी...”

त्याला पुढे बोलता येईना. मोडक्यातोडक्या भाषेत नाही आणि स्वतःच्याही नाही.

“घरच्यांना आम्ही सांगू,” कपाट म्हणाली. “सामना आमचा आहे. तुमचा थोडाच आहे?”

कुणीतरी फिसकन हसलं. बस येऊन थांबली. तो तसाच उभा, मूठ आवळून. कपाट पुढे आली आणि तिने शिट्टीच्या दोरीला हात घातला.

“सोड,” ती म्हणाली.

सरांना ‘सोडा’ म्हणायचं असतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. त्याने मूठ उघडली.

बस सुटली. मागच्या काचेतून त्याला दिसलं, कपाट गळ्यात शिट्टी अडकवून मुलींना मैदानाकडे पिटाळत होती. शाळा बुडवूनच. तो पहिल्यांदा पाठ टेकून बसला आणि त्याने फोन लावला.

“ताई, सोड.”

“काय?” ताईचा आवाज अगदीच खोल गेला होता. “काय सोडू?”

आताही त्याला शब्द सापडेना. नकळत त्याचा हात छातीवर गेला.

“म्हणजे... मी आहे मागे.”

“कधी पोचतोस?” ताईने विचारलं. या वेळी ‘मी बघते’ असं म्हणाली नाही.