पोटातले ठोके

मुलगी सुखरूप झाली आणि घरात सगळ्यांच्या जिवात जीव आला. सासूबाईंनी नातीला दुपट्यात गुंडाळलं. वार पूर्ण पडल्याची खात्री करून सुईणबाईंनी हात धुतले.

"बाई, पोटात अजून धडधडतंय," बाळंतीण म्हणाली.

"तुझंच काळीज असेल गं." तरी तिचं मन राखायला सुईणबाईंनी ठोके ऐकायचं यंत्र पुन्हा पोटावर टेकवलं.

ठोके आले. भरभर, अगदी सकाळी येत होते तसेच. त्यांनी पोट चाचपलं. आत काहीच नव्हतं.

"जुळं आहे की काय?" सासूबाईंनी विचारलं.

सुईणबाईंनी बाळाला जवळ घेतलं. ऊबदार, गुलाबी पोर मजेत मूठ चोखत होती. यंत्र छातीवर ठेवलं, पाठीवर लावलं. कुठेच ठोका लागेना.

"हिला दवाखान्यात न्या, आत्ताच!"

बाप बाळाला उराशी धरून अंगणातल्या गाडीकडे धावला. मागोमाग सासूबाई पळाल्या.

"बाई," बाळंतीण कुजबुजली, "मंद होतंय."

सुईणबाईंनी यंत्र परत पोटावर धरलं. एक ठोका आला. बऱ्याच वेळाने दुसरा.

"परत फिरा!" त्या दाराकडे तोंड करून ओरडल्या.

बाहेर गाडी रस्त्याला लागली होती.