गार चहाची तक्रार

"आई, दोन घोट तरी घे." कल्याणनं पाण्याची बाटली पुढं केली.

बायडाबाईनं ती हातानं बाजूला सारली. सकाळी बेलापूरहून एसटीत बसल्यापासून तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. विमानातून उतरली तेव्हापासून तिचं हे असंच चाललं होतं. कुठं बाहेर निघायचं म्हटलं की आधी पाणी बंद.

नगरच्या ग्राहक आयोगाच्या खोलीत एकच पंखा फिरत होता, तोही अध्यक्षबाईंच्या डोक्यावर. विमान कंपनीचे वकील उठले. पुण्याहून आले होते, आणि कधी एकदा परत निघतोय असं त्यांना झालं होतं.

"मॅडम, तक्रार वाचून दाखवतो. 'चहा गार दिला. खुर्ची मागे झाली नाही. एकंदर सेवेने निराशा झाली.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "कंपनीनं दिलगिरीचं पत्र पाठवलं. पुढच्या प्रवासात नाश्ता मोफत देऊ केला. तरी यांनी केस लावली. गार चहासाठी!"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. कल्याणही कसनुसा हसला.

बायडाबाईनं लेकाकडं बघितलं. "कुनाचा चा?"

"आई, गप बस."

"मी जल्मात चा पीत न्हाई. कुनाचा चा गार झाला?"

कल्याणची कानशिलं लाल झाली. तक्रार त्यानंच लिहिली होती. तू सांगितलंस ते सगळं लिहिलंय, म्हणाला होता. बायडाबाईनं विश्वासानं खाली अंगठा केला होता.

"मी सांगितलं ते लिव्हलं न्हाईस तू?"

"असलं लिहीत नसत्यात," तो दातओठ खाऊन कुजबुजला. "भावकीत कळलं म्हंजे? मोनिकाच्या सासरी कळलं म्हंजे?"

मोनिका त्याची लेक, बंगळुरात दिलेली. तिचं बाळ बघून बायडाबाई एकटीच विमानानं शिर्डीला आली होती. पहिल्यांदाच.

बायडाबाई टेबलाला धरून उभी राहिली.

"आजी, बसून बोला," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"बसूनच तर झालं, बाई. मला उठूच दिलं न्हाई."

अध्यक्षबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"शिर्डी जवळ आली तवा मला लघवी लागली. त्या विमानातल्या पोरीला हाक मारली. ती म्हनली, बसा माँजी. मधल्या वाटंत त्यांची गाडी उभी, अत्तरं अन् काजू इकायची. मी परत म्हनलं, बाई, मला दम निघंना. ती म्हनली, गिऱ्हाईक हाय, थांबा. गिऱ्हाइकानं चार अत्तरं हुंगली, एकबी घेतलं न्हाई. मग गाडी हलली, तर डोक्याव पट्ट्याचा दिवा लागला. म्हनली, आता दिवा इझंपत्तोर उठायचं न्हाई." तिनं टेबलाची कड घट्ट धरली. "न्हाई इझला दिवा."

तिनं अध्यक्षबाईंकडं बघितलं.

"लुगडं भिजलं, खुर्ची भिजली. म्हातारपन हाय, त्यात माझी काय चोरी? पन त्या पोरीनं नाकाला रुमाल धरला. त्याच गाडीतली अत्तराची बाटली आनली अन् माझ्या अंगाव फवारा मारला. मावा पडल्याव पिकाव औषध मारत्यात, तसा! शेजारची मानसं हसली. अन् सगळी उतरंपत्तोर मला तितंच ठिवलं." तिनं बोट कल्याणकडं वळवलं. "अन् ह्यो माझा लेक. न्यायला आला अन् लांब लांब म्होरं चालला. गाडीत बसल्याव म्हनला, कुनी इचारलं तर पानी सांडलं म्हन."

कल्याण बाटलीच्या झाकणाशी चाळा करत राहिला.

वकील गडबडीनं उठले. "मॅडम, आमची हरकत आहे. यातलं एक अक्षरही तक्रारीत नाही."

"मंग मी काय म्हनतीया?" बायडाबाई कडाडली. "का न्हाई?"

टाइप करणाऱ्या बाबूची बोटं थांबली होती. "मॅडम, हे घ्यायचं?"

"शब्दन् शब्द घ्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. मग कल्याणकडं न बघताच बोलल्या, "पुढच्या तारखेला तक्रार दुरुस्त करून आणा. आजी, तुम्हाला भरपाई काय हवी?"

"त्यांचा नाश्टा त्यांनीच खावा. त्या पोरीनं न्हाईतर तिच्या सायबानं हितं यावं. हितं, ह्या टेबलापाशी. अन् मी आता जे बोलले ते समदं आपल्या तोंडानं बोलावं. त्यात तेवढा चा नगं."

वकिलांनी कागद गोळा करायला घेतले. "पाहू. कंपनीला कळवतो."

बायडाबाईनं लेकापुढं हात केला. "आन ती बाटली."

कल्याणनं बाटली दिली. ती उभ्याउभ्याच प्यायली. घटाघटा, मान वर करून, तळाचा थेंब संपेपर्यंत. रिकामी बाटली तिनं वकिलांच्या कागदांवर ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं. मग मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मला लघवीला जायचंय, वकीलसायेब. जाऊ, का हितंबी कुटला दिवा इझायची वाट बघू?"