हत्ती ई-सात

ऑपरेशनला नेण्याआधी मालोजीरावांना एवढंच कळायला हवं होतं, चाल पोचली का? नऊ देशांतल्या नऊ जणांनी इंटरनेटवर मिळून ग्रँडमास्टरविरुद्ध चार महिने लढवलेला डाव होता आणि जिंकणारी चाल त्या नवांपैकी मालोजीरावांनाच सापडली होती. बुद्धिबळातलं ओ की ठो न कळणारी लेक बनशंकरी भागातल्या सायबर कॅफेतून धापा टाकत आली. “अप्पा, ‘एलिफंट ई-सात’ कळवलं! तुमच्या संघाचा रशियन कप्तान म्हणाला, आमच्याकडेही हत्तीच म्हणतात. बाराला पाठवतोय.” तिनं कप्तानानं पाठवलेला, चालीनंतरच्या पटाचा प्रिंटआउट समोर धरला. हत्ती जागीच होता. रशियनांचा हत्ती म्हणजे आपला उंट. तोच ई-सातवर मरायला उभा होता. इंग्रजीत हत्तीला ‘रूक’ म्हणतात, हे सांगायचंच राहिलं होतं. पावणेबारा वाजले होते. स्ट्रेचर हललं. “रूक! रूक!” मास्कआडून ते जिवाच्या आकांतानं ओरडले. लेक डोळे पुसत म्हणाली, “आता रुकून कसं चालेल, अप्पा?”