वेदीमागची खिडकी

एकाहत्तरच्या युद्धात विमानांच्या भीतीने आमच्या दगडी चर्चच्या रंगीत काचांना डांबर फासलं होतं. पुढे बाकीच्या पुसल्या, पण वेदीमागच्या उंच, टोकदार कमानीला परांची बांधून फासलेलं डांबर तसंच राहिलं; तिथवर शिडीच पोहोचली नाही. ती खिडकी आम्हाला काळीच ठाऊक.

यंदा पुन्हा परांची बांधून तीही साफ केली.

रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी तिच्यावर ऊन आलं. बाकांवर, भिंतींवर, माणसांवर निळा-लाल उजेड उतरला. मंडळी गाता गाता गप्प झाली. पेटी तेवढी वाजत राहिली.

म्हाताऱ्या सुवार्ताबाईंनी भाकरीसाठी नेहमीसारखी ओंजळ पुढे केली. तिच्यात लाल उजेड येऊन बसला.

"बाई, भाकर घ्या," पाळक हळूच म्हणाले.

"जरा थांबा, पाळकसाहेब. ओंजळ भरलीय."

तुकडा हातात धरून पाळक थांबले.