काट्यावर

"चपला काढा ताई, उगाच त्यांचं वजन कशाला तुमच्या नावावर?" साहेब माइकवरून म्हणाले आणि सगळं कँटीन हसलं.

ताईंनी चपला काढल्या. बिघडलेल्या फ्रिजच्या आणि वॉशिंग मशिनच्या तक्रारी दिवसभर फोनवर ऐकून घेणारा हा विभाग. त्यात त्या सगळ्यांत जुन्या, म्हणून साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्याच ताई. कंपनीच्या वजन घटवा मोहिमेचा आज शेवटचा दिवस होता. जेवणाची टेबलं भिंतीला सरकवून मधोमध वजनकाटा मांडला होता. फरशीवर काहीतरी सांडलेलं कुणीतरी अर्धवट पुसलं होतं, ते तळव्यांना चिकटलं. ताईंना शिसारी आली. तशाच त्या काट्यावर चढल्या.

साहेबांनी आकडा मोठ्याने वाचला आणि शीळ घातली. "अहो, चक्क वाढलंय! ताई, मोहीम घटवायची होती. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

पुन्हा हशा. मागच्या खुर्चीवरचा एकजण तर हसून हसून डोळे पुसत होता. कालच सकाळी तो रडकुंडीला आला होता. रोजच्या मीटिंगमध्ये साहेब आदल्या दिवशीचा एखादा फोन सगळ्यांना ऐकवत. गिऱ्हाईक तोंडाला येईल ते बोलतंय आणि आपल्यातलं कुणीतरी त त प प करतंय, असा. काल त्याची पाळी होती. तेव्हा बाकीचे हसले होते. ताईसुद्धा हसल्या होत्या. ते आठवून आता त्यांना स्वतःचीच किळस आली.

मग बाहेरून बोलावलेल्या आहारतज्ज्ञ बाई उठल्या. "वजनाच्या बाबतीत दोष नेहमी ताटाचाच नसतो," त्या म्हणाल्या. "मनावर ताण आला की कुणाची भूक मरते, कुणाची खवळते. झोप पुरी घ्या. संध्याकाळी थोडं चाला. घास सावकाश चावा. आणि कुणाजवळ तरी मन मोकळं करा."

"आमच्याकडे याहून सोपं आहे," साहेबांनी माइक परत घेतला. "ताण घ्यायचा नाही, द्यायचा!"

टाळ्या पडल्या. बाई कसनुशा हसून खाली बसल्या.

पहिलं बक्षीस छोटीला मिळालं. विभागातली सगळ्यांत लहान म्हणून ती छोटी. ढगळ झालेला कुडता कमरेशी चिमटीत धरून ती पुढे आली. गळ्याची हाडं वर आली होती, ओठांचे कोपरे चिरले होते. साहेबांनी रिबीन लावलेलं खोकं तिच्या हातात दिलं, खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"याला म्हणतात जिद्द! ताई, शिका जरा हिच्याकडून. सांग छोटी, गुपित काय?" त्यांनी माइक तिच्या तोंडापुढे धरला.

"काही नाही सर. घरचं जेवण."

"हे सगळेच सांगतात. खरं गुपित सांग. आपल्या माणसांपासून काय लपवायचं?"

छोटी खाली मान घालून उभी राहिली. साहेबांची बोटं तिच्या खांद्याचं हाड चाचपत होती, विकत घेण्याआधी कोंबडी चाचपावी तशी. ताईंच्या तोंडात आंबट पाणी आलं. ते त्यांनी गिळलं.

"मी सांगते," त्या म्हणाल्या.

त्यांच्याजवळ माइक नव्हता, तरी माना वळल्या.

"रोज मीटिंगच्या आधी ती बाथरूममध्ये जाऊन ओकते. पोटात काही नसलं तरी ओकते, नुसतं पिवळं पाणी. मला माहीत आहे, कारण तेव्हा शेजारच्या संडासात कडी लावून मी बिस्किटं खात बसलेली असते. पुडा संपेपर्यंत. तिचं वजन असं उतरलं आणि माझं असं चढलं."

कुणीही हसलं नाही. मघाशी डोळे पुसणारा आता आपल्या बुटांकडे बघत होता.

साहेबांनी छोटीच्या खांद्यावरचा हात झटकन उचलला. दुसऱ्या हातातला माइक तसाच धरून त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि एका हातानेच बोटं त्यात चोळली. "शी! जेवायच्या जागेत काय बोलावं याची काही पोच?"

आहारतज्ज्ञ बाई मात्र उठून छोटीजवळ आल्या होत्या. "कधीपासून होतंय बाळ, असं?"

छोटीने मान वर करून साहेबांकडे पाहिलं.

"सर आल्यापासून."

हळू आवाजात बोलली ती. पण माइक अजून तिच्या तोंडापुढेच होता. शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं.

साहेबांना अचानक कुणाचातरी फोन आला. तो कानाला लावून ते बाहेर पडले. लोक एकमेकांकडे न बघता टेबलं जागेवर ओढू लागले. छोटीने बक्षिसाचं खोकं काट्यावरच ठेवलं आणि ती सरळ ताईंकडे आली. ताईंनी अंग चोरलं. चारचौघांत पोरीची अब्रू काढली होती त्यांनी. आता काय ऐकवेल ते ऐकून घ्यायचं, असं ठरवून त्या उभ्या राहिल्या.

"म्हणजे त्या तुम्ही होतात?" छोटी म्हणाली. "पुड्याचा आवाज यायचा मला. माझं इकडे ओकणं चालू, तिकडे तुमचं चावणं. रोज वाटायचं, या वासात कुणाला खाववतं तरी कसं?"

"खाववत नव्हतं गं," ताई म्हणाल्या. "तरी खात होते."