खिडकीजवळची खुर्ची

त्या कंपनीत पगार वाढायचा नाही, माणूस तेवढा एक खुर्ची पुढे सरकायचा. दारापासून खिडकीपर्यंत सात खुर्च्या, एकीमागे एक. कुणी नोकरी सोडली की मागचे सगळे उठून पुढच्या खुर्चीत बसायचे आणि टायपिस्टबाई ओरडायच्या, "चला, सरका! बढती झाली!" मग सगळं ऑफिस खो खो हसायचं. गेलेल्याच्या जागी नवा माणूस मात्र कधी आलाच नाही.

सव्वीस वर्षांनी टपालाचा कारकून खिडकीशी पोचला. मागच्या सहा खुर्च्या रिकाम्या आणि सहाजणांची कामं त्याच्या एकट्याच्या गळ्यात. बाईंना वारूनही आता नऊ वर्षं झाली होती.

आज दुपारी तो पाकिटं चिकटवत असताना त्याच्या पाठीमागची खुर्ची करकरली. मग तिच्या मागची. मग तिच्याही मागची.

"चला, सरका!"

बाईंचाच तो खणखणीत आवाज. त्याचे डोळे भरून आले. किती वर्षांनी ऑफिस असं भरलं होतं! हसतच तो मागे वळणार, तोच थबकला.

पुढची खुर्ची रिकामी झाल्याशिवाय तिथे कुणी कधी सरकलं नव्हतं.

आणि सगळ्यात पुढे तर तोच बसला होता.