जाडजूड पुस्तकं

टूवूम्बाच्या त्या गल्लीत एकट्या इमोजेनच्या घरी टीव्ही नव्हता, आणि दोरीवर कपडे वाळत घालतानासुद्धा ती हे शेजारच्या लिॲनला ऐकवायची. दर शनिवारी तिची जुळी पोरं वाचनालयातून हातगाडी भरून पुस्तकं आणायची.

"पातळ पुस्तकाला हातच लावत नाहीत गं," इमोजेन कुंपणापलीकडून म्हणायची. "वय वर्षं सहा, पण यांना जाडच लागतं."

लिॲनच्या पोटात असं दुखायचं की तिला घास गोड लागायचा नाही. तिचा मुलगा कोबी मात्र संध्याकाळभर टीव्हीसमोर सॉसेज चघळत लोळत असायचा.

त्या शनिवारी पोरं पुस्तकांचे गठ्ठे मागच्या अंगणात वाहताना दिसली आणि तिचं टाळकंच सरकलं. ती तडक जाऊन टीव्हीच्या पुढ्यात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"शीक जरा शेजारच्यांकडून. त्या दोघांची मान पुस्तकातून वर तरी निघते का कधी?"

"निघते की," म्हणत कोबीने मागे वळूनही न पाहता अंगणाकडच्या उघड्या दाराकडे अंगठा केला.

लिॲनने बाहेर पाहिलं. कुंपणावरून दोन माना ताणलेल्या होत्या, आणि फळ्यांच्या फटीतून त्यांच्या पायांखाली रचलेली जाडजूड पुस्तकं दिसत होती.



"काकू, जरा बाजूला सरका ना, काही दिसत नाहीये."